बिनपाण्याचा कठडा

विटांचा ट्रॅक्टर गावच्या विहिरीकडं वळला, तेव्हा करुणाच्या हातातला विळा पातीवरून घसरला आणि बोटात शिरला. तिनं बोट तोंडात धरलं. कांद्याचा उग्र रस आणि रक्त एकदमच जिभेवर आलं.

"कुठं बघू राहिली गं?" शेजारच्या वाफ्यातून संध्या म्हणाली. "वीट कधी पाह्यली नाय का?"

"कोणाच्या घरचं काम हाये?"

"घरचं नाय. इहिरीला कठडा बांधू राहिले. जिल्ह्याच्या मॅडम येणारेत म्हणं पाहायला. लोकपाल का काय ते."

"कोणी बोलावलं त्यान्ला?" मागच्या ओळीतून कुणीतरी विचारलं.

"जिनं बोलावलं तिला इचार."

रान आप्पासाहेबाचं होतं. आप्पासाहेब बोरदऱ्याचा सरपंच. उन्हाळी कांदा निघेपर्यंत गावातल्या निम्म्या बायकांची चूल त्याच्या रानावर पेटायची. सगळ्या खाली मान घालून पात कापत राहिल्या. विळ्यांचा कर्रकर्र आवाज तेवढा येत होता. करुणानं पदराची चिंधी फाडून बोटाला गुंडाळली. चिंधी लगेच लाल झाली.

होळीच्या आधीची गोष्ट. नळयोजना आटली की गावाला टँकर यायचा, दिवसाआड. टँकरवाला पाइप थेट विहिरीत सोडायचा आणि बायका चहूबाजूंनी काठावर चढून पोहरे टाकायच्या. पाणी तळाच्या भेगांत मुरायच्या आत, गढूळ व्हायच्या आत, ज्याच्या हाताला लागेल ते त्याचं. काठाचे दगड सुटे. एका पायानं दगड दाबायचा, दुसरा मागं रोवायचा, आणि वाकून ओढायचं. करुणाची आई सरूबाई तशीच वाकली होती. दगड गेला, त्याच्या मागं ती गेली. पाणी कमरेइतकंही नव्हतं. खाली खडक होता.

दहावं झाल्यावर करुणा शहरात मामाकडं गेली होती. मामाची मुलगी संस्कृती तिथं वकिलीचं शिकत होती. तिनं मोबाइलवर काय काय शोधलं आणि म्हणाली, "ताई, तुमच्या विहिरीला रोजगार हमीतून कठडा आणि ओटा झालाय. तीन वर्षांपूर्वी. इथं लिहिलंय."

"कुठं झालाय?"

"तेच विचारू आपण. अशा तक्रारी ऐकायला जिल्ह्याला लोकपाल असतात."

त्या दिवसांत करुणाच्या अंगात भीती नव्हतीच. आई गेली तशी भीतीही कुठं गेली होती कोण जाणे. तिनं संस्कृतीनं लिहिलेल्या अर्जावर सही केली. भीती परत आली ती पंचायतीला नोटीस आल्यावर, आणि आली ती घरची मालकीण असल्यासारखी. करुणा जेवायला बसली की पुढ्यात बसायची. रानात गेली की मागून चालायची.

दिवस मावळायच्या सुमाराला आप्पासाहेब घरी आला. बरोबर त्याचा पुतण्या ऋतुराज होता. तो आत आला नाही. अंगणात मोटारसायकलवर बसून मोबाइल बघत राहिला.

"कडुबा हाये का घरात?"

करुणाचा बाप घाईनं उठला. बाजेवरची वाकळ झटकली. "या, बसा आप्पासाहेब."

करुणानं तांब्या आणि पेला आणून ठेवला. सकाळच्या टँकरचं, फडक्यातून दोनदा गाळलेलं पाणी. आप्पासाहेबानं पेला भरला, दोन घोट घेतले, गुळणी केली आणि उरलेलं अंगणात फेकलं. मातीनं ते क्षणात पिऊन टाकलं. करुणा त्या ओल्या डागाकडं बघत राहिली.

"नोटीस आली," आप्पासाहेब म्हणाला. "पोरीच्या अर्जावर. मला वाईट नाय वाटलं बरं का. आई गेलीय. माणूस काय बी करतं."

"पोरगी हाये, आप्पासाहेब. चुकली."

"तेच म्हणू राहिलो. पोरगी हाये. सासर सोडून आलेली, बापाच्या आसऱ्यानं राहणारी. तिला कोण समजून घेणार? आपणच ना?" तो करुणाकडं बघून हसला. आवाज मऊ होता. या माणसाला गावात कुणी ओरडताना ऐकलं नव्हतं. "आता ऐक कडुबा. मॅडम इचारतील, कठडा कुठंय? कागदावर तर तीन सालाआधीच झालाय. आन् त्या कामावर गवंडी कोण होता?"

बापाची मान खाली गेली.

"मजुरी तुझ्या खात्यावर पडली का नाय?"

"पडली. काढून तुमालाच दिली की. समद्यांनीच दिली."

"ते कागदावर नाय, कडुबा." आप्पासाहेबानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चौकशी लागली तं पैला तू आत जाशील. या वयात. मला बघवंल का ते?"

करुणा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. हे बापानं तिला कधी सांगितलं नव्हतं.

"म्हणून म्हणतो, उद्या तूच बांध कठडा. वीट आणलीय, सिमिट आणलंय. मंग कागद खोटा नाय, तू खोटा नाय, मी खोटा नाय. बायांलाबी आसरा व्हईल. सरूवहिनीच्या जिवालाबी बरं वाटंल."

"आन् माझा अर्ज?" करुणाच्या तोंडून निघालं.

"तो मागं घ्यायचा. मॅडमनं इचारलं तं म्हणायचं, कठडा हाये. खोटं थोडंच बोलायचंय, करुणाताई? तवा असंलच की."

मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडं गेला तरी बाप बाजेच्या कडेलाच बसून होता, पाहुणा गेल्यावरही पाहुण्यासारखा.

"आबा, तुम्ही नाय म्हणा."

"बांधतो."

"आवो, तिथं आई…"

"इतके दिस कोणी बांधत नव्हतं. आता बांधू राहिले तं बांधू." मग तो अगदी हळू बोलला. बापाचा असा आवाज तिनं पूर्वी ऐकला नव्हता. "तू बोलू नको. मला जेलात नको धाडू, माय."

दुसऱ्या दिवशी टँकरची पाळी नव्हती. उजाडता उजाडता बापलेक विहिरीवर गेले. कडुबानं आयुष्यभर लोकांची घरं बांधली होती. करुणाला लहानपणापासून त्याच्या हाताखाली माल कालवायची सवय होती. तिनं वाळू चाळली, सिमिट ओतलं, मध्ये आळं केलं. ऋतुराजनं एक प्लास्टिकची टाकी आणून ठेवली होती. टाकीत पाणी तळाशी होतं.

"एवढंच?" बाप म्हणाला.

"एवढंच. मॅडमला चहाला बी लागंल," ऋतुराज हसला.

"माल कालवण्यापुरतं व्हईल. पर विटा भिजवाव्या लागतेत, मालक. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन घेती. आन् बांधल्यावर आठ दिस पाणी मारावं लागतं."

"कशाला?"

"बिगर पाण्याचं सिमिट धरत नाय. राख व्हती त्याची."

"मामा, माणसाला प्यायला पाणी नाय, तुमी विटांला पाजू राहिले." ऋतुराज मोठ्यानं हसला आणि जवळच्या टपरीवर बसलेले दोघंतिघंही हसले. "उद्या दुपारपर्यंत उभा राह्यला म्हंजे झालं. मंग पाजा वर्षभर."

आधी काठाचे सुटे दगड उचलून पक्क्यावर यावं, पाया घ्यावा, तेव्हा वीट बसवावी, हे करुणालाही ठाऊक होतं. ती वाट बघत होती, आबा आता पहार मागतील. त्यानं मागितली नाही. त्याच दगडांवर माल टाकला आणि पहिली वीट ठेवली. विटेनं सूं असा आवाज करत माल ओढून घेतला. दुसरी ठेवली, तिनंही ओढला.

ऊन चढत गेलं. विटा हाताला चटके देऊ लागल्या. आई जिथून गेली तिथं बांधकाम आलं, तेव्हा करुणानं घमेलं खाली ठेवलं. खालून ओलसर, कुबट गारवा येत होता. तिला वाटलं, आता आबा थांबतील, काहीतरी म्हणतील. त्याचे हात मात्र भराभर चालत होते. घाम नाकाच्या शेंड्यावरून मालात पडत होता. तेवढंच पाणी त्या कठड्याला जास्तीचं मिळालं.

ओळंब्याची दोरी पिशवीतून निघालीच नाही. बापानं बिनओळंब्याची भिंत बांधलेली तिनं कधी पाहिली नव्हती.

दिवस कलता कलता कठडा मांडीएवढा झाला. पंचायतीच्या माणसानं त्यावर चुना फासला आणि लाल रंगानं गावाचं नाव, योजनेचं नाव आणि तीन वर्षांपूर्वीचं साल लिहिलं. घरी जाण्याआधी करुणानं कुणाचं लक्ष नाही असं बघून दोन विटांच्या मधल्या सांध्यावर नख ओढलं. चुन्याचा पापुद्रा निघाला आणि आतून वाळू झरझर गळू लागली. तिनं हात काढून घेतला तरी ती गळतच होती.

उद्या टँकर होता. बायका येतील. इतके दिवस काठ धोक्याचा आहे हे त्यांच्या पायांना माहीत होतं. जीव मुठीत धरून त्या मागं तोल ठेवायच्या. उद्या पांढरा कठडा बघतील आणि पोट टेकून, सगळं अंग टाकून वाकतील. एकीच्या शेजारी एक. संध्या वाकेल. संध्याची सासू वाकेल.

"आबा," वाटेत ती म्हणाली, "हा नव्हता तेच बरं होतं."

बापानं ऐकलं. पण चाल वाढवली.

लोकपाल मॅडम दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आधीच आल्या. महेजबीन काझी. पूर्वी शहरातल्या कोर्टात वकिली करायच्या. साधी सुती साडी, डोक्यावरून पदर, पायात कापडी बूट, हातात काठी. बरोबर एक लिपिक आणि जीपचा ड्रायव्हर. आप्पासाहेबानं पुढं होऊन हार दिला. तो त्यांनी घेतला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवून दिला. चहा आला. "आधी काम," म्हणाल्या.

लिंबाखाली खुर्ची टाकली होती. त्या बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी करुणाचा अर्ज सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचला. आपलेच शब्द, संस्कृतीनं नीट मांडलेले, परक्या आवाजात ऐकताना करुणाला दरदरून घाम आला. 'माझी आई सरूबाई कडुबा' एवढं आलं तेव्हा बायकांमधून कुणीतरी सुस्कारा टाकला.

"पंचायतीचं म्हणणं?"

"मॅडम, कठडा समोर हाये," आप्पासाहेब म्हणाला. "तीन वर्ष झाली. बाईंचा तोल गेला, वाईट झालं. वय झालं होतं त्यांचं. आम्ही बी घरच्यासारखेच रडलो."

मॅडम कठड्यापाशी गेल्या. लिपिकानं फोटो काढले. मॅडमनी चुन्यावर बोट फिरवलं आणि अंगठ्यानं चोळून पाहिलं.

"चुना ताजा आहे."

"रंगरंगोटी दरसाल करतो आम्ही," ऋतुराज म्हणाला.

"गावकऱ्यांना कुणाला काही सांगायचंय?" मॅडमनी बायकांच्या घोळक्याकडं बघून विचारलं. घोळका जमिनीकडं बघू लागला. संध्यानं रिकाम्या हंड्यावर उगाच हात फिरवला.

मग त्यांनी करुणाला बाजूला बोलावलं. आप्पासाहेब मागोमाग दोन पावलं आला. मॅडम वळल्या. "तुम्ही तिथंच थांबा. तक्रारदाराशी मी एकटीनं बोलते." तो थांबला. पण तो जिथं थांबला तिथून करुणाचं तोंड त्याला दिसत होतं. त्याच्या शेजारी आबा उभा होता, टोपी हातात घेऊन.

"घाबरू नका. अर्ज तुमचाच ना?"

"व्हय."

"आज विहिरीला कठडा आहे?"

"हाये." हे तिनं रात्रभर घोकलं होतं.

"कुणी दबाव आणला?"

"नाय. मला अर्ज मागं घ्यायचाय."

मॅडमनी कठड्याकडं पाहिलं. "आई पडल्या त्या दिवशी कठडा होता?"

या प्रश्नाचं उत्तर कुणी तिच्याकडून घोकून घेतलं नव्हतं. तिनं मान वळवली. आबाचे ओठ हलत होते. टोपी त्याच्या बोटांत पिळली जात होती.

"आठवत नाय," ती म्हणाली.

स्वतःचं हे वाक्य तिला कुणीतरी कानफटात मारावी तसं ऐकू आलं. आई गेली ती जागा तिला आठवत नाही. मॅडमचं पेन लगेच चाललं नाही. मग चाललं. त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "पटलं तरच सही करा." करुणानं सही केली. चिंधी बांधलेलं बोट दुखत होतं. त्या दुखण्यातच तिनं सगळं लक्ष घातलं.

"टँकर कधी येतो?"

"येईलच आता," आप्पासाहेब म्हणाला. त्याचा चेहरा सैल झाला होता. "मॅडम, आमच्या मळ्यात जेवणाची सोय…"

"टँकर कसा रिकामा होतो ते बघूनच जाईन. तोही पाहणीचाच भाग आहे." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि गुडघा दाबला. "फार उभं राहवत नाही हो आता." आणि खुर्ची लिंबाखाली लांब होती, कठडा जवळ होता, म्हणून त्या वळल्या, साडी सावरली आणि कठड्यावर बसायला म्हणून खाली झुकल्या.

तेवढ्या वेळात करुणानं सगळं पाहिलं. ऋतुराजचा हात खिशातून अर्धा बाहेर आला आणि तिथंच थांबला. आप्पासाहेबानं तोंड उघडलं आणि मिटलं. आबाचं तोंड उघडंच राहिलं, त्यातून आवाज निघेना. बायकांचा घोळका श्वास धरून होता. कठडा कालचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्या गावाला.

"बसू नका!"

कोण ओरडलं ते करुणाला आधी कळलंच नाही. मग कळलं, घसा फाटल्यासारखा झाला होता. "मॅडम, बसू नका! पडाल! आत जाल!"

मॅडम अर्ध्यात थांबल्या. काठीवर भार देत सावकाश सरळ झाल्या.

"तिचं मन थाऱ्यावर नाय मॅडम," आप्पासाहेब पुढं झाला. "आई तिथंच गेली ना, तवापासून अशीच…"

"असेल. तुम्ही बसा ना मग."

"मी?"

"मी उभी राहते. तुम्ही बसा कठड्यावर. सरपंच आहात गावचे."

आप्पासाहेब हसला. "तुमच्यासमोर आमी कसं बसावं?"

"मी सांगतेय ना."

"कपड्यांना चुना लागंल."

"लागला तर झटका. बसा."

घोळक्यातून एक हसू फुटलं आणि लगेच पदरात दाबलं गेलं. आप्पासाहेब जागचा हलला नाही. मॅडमनी ऋतुराजकडं पाहिलं. त्याला तेवढ्यात फोन आला होता, वाजला मात्र नव्हता.

"कुणीच बसणार नाही?" मॅडमनी विचारलं. मग करुणाला, हळू आवाजात, "का बसू नको मी?"

"कच्चा हाये."

"कधीचा?"

कधीचा सांगितलं की कुणी बांधला ते विचारतील. भीती तिच्या छातीवर मांड ठोकून बसली होती.

"कालचा हाये," मागून आवाज आला. आबा चालत पुढं आला. करुणाकडं त्यानं पाहिलं नाही. "म्या बांधला. पाणी नव्हतं. पाणी नव्हतं मॅडम, कोरड्या विटा हायेत." त्यानं वरच्या थरातल्या एका विटेवर हात ठेवला आणि डब्याचं झाकण काढावं तशी ती उचलून घेतली. मालाचा कोरडा भुगा त्याच्या पायावर सांडला.

लिपिकानं न सांगता फोटो काढला.

"कडुबा," आप्पासाहेब म्हणाला. एवढंच.

मॅडमनी आता खुर्ची विहिरीजवळ मागवली आणि बसल्या. आधी करुणाला समोर घेतलं.

"तुमची सही झालीय पहिल्या जबाबावर. तो मी फाडणार नाही. दुसरा जबाब घेता येतो. दोन्ही कागद राहतील. पहिला भीतीनं दिला, असं दुसऱ्यात लिहावं लागेल. लिहू?"

"लिहा."

"कुणाच्या भीतीनं?"

करुणाचे दात एकमेकांवर वाजत होते. एवढ्या उन्हात. "सरपंचाच्या," ती म्हणाली. "आन् आबा जेलात जातील त्याच्या. मागच्या कामावर नाव त्यांचं लावलंय. पैसे काढून दिलते त्यांनी, सरपंचाला."

"जेलात घालणं माझं काम नाही. काम झालं की नाही ते मी लिहिते. पैसा कुणाकडून वसूल करायचा ते लिहिते, वर पाठवते. पुढं वरचे लोक काय करतील…" त्यांनी चष्मा काढून पुसला. "खोटा धीर देणार नाही मी. आज सांगता येत नाही."

तिला वाटलं होतं, खरं बोलल्यावर ओझं उतरत असेल. उतरलं नाही. ते फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं.

लांबून टँकरचा हॉर्न ऐकू आला. घोळका एकदम हलला. हंडे खणखणले. सवयीनं बायका विहिरीकडं धावल्या आणि कठड्यापाशी येऊन सगळ्या एकदम थबकल्या.

"पाडा तो," मॅडम म्हणाल्या. "फोटो झालेत. आत पाडू नका, बाहेर ओढा."

पहिली वीट संध्यानं ओढली. मग तिच्या सासूनं. कठडा हातांनीच निघत होता, पहार लागली नाही. साल लिहिलेल्या विटा वेगवेगळ्या हातांत गेल्या आणि ढिगात पडल्या. संध्या करुणाच्या जवळून जाताना पुटपुटली, "आता कांदे कोणाचे कापायचे गं आपण?" त्यात राग होता का काळजी, करुणाला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

आप्पासाहेब हार उचलायला जीपपाशी गेला होता. परत येताना तो करुणाजवळ थांबला. आवाज तसाच मऊ.

"मॅडम संध्याकाळी शहरात असतील, ताई."

आणि तो गेला. करुणाला मांडी घालून खाली बसावं लागलं.

टँकरवाल्यानं पाइप विहिरीत सोडला. पाणी खडकावर आदळल्याचा मोठा आवाज वर आला. बायका उघड्या काठावर चढल्या. एका पायानं दगड दाबून, दुसरा मागं रोवून. मॅडम कडुबाचा जबाब लिहीत होत्या. त्यांचं लिहिणं मध्येच थांबलं. त्या काठाकडं बघत राहिल्या. पेन धरलेला हात वर उचलला गेला, एखाद्या पोराला आवरायला उचलावा तसा, आणि हवेतच राहिला.

"रोज असंच?" त्यांनी विचारलं.

"दिवसाआड," कडुबा म्हणाला.

त्यांनी बराच वेळ खाली मान घालून लिहिलं. टँकरचं पाणी टाकीत घ्यावं, विहिरीत सोडू नये. टाकी होईपर्यंत काठावर दोर बांधून माणूस उभा करावा. मग पुन्हा कडुबाकडं वळल्या.

"'हा कठडा मी काल बांधला. त्याआधी तिथं कठडा नव्हता. माझी पत्नी सरूबाई पडली तेव्हाही नव्हता.' एवढं झालं. आणखी काही सांगायचंय?"

कडुबानं टोपी गुडघ्यावर ठेवली. हातांच्या भेगांत कालचं सिमिट अजून होतं.

"असता तं…" तो म्हणाला.

मॅडम थांबल्या. विहिरीवर कुणीतरी ओरडत होतं, "मागं सरक गं, दगड हालू राहिला." कडुबानं मान फिरवली आणि टोपीनं तोंड झाकलं.

"असता तर," मॅडमनी लिहिलं. थोड्या वेळानं करुणाकडं बघून त्यांनी विचारलं, "पुढं काय लिहू?"

करुणानं बापाच्या पाठीवर हात ठेवला.

"तेवढंच लिहा," ती म्हणाली.